अवर्षण, दुर्भिक्ष आणि अन्नाचा हक्क

अमर्त्य सेन यांच्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या पुस्तकाचे पुनर्वाचन

मराठीत ‘दुष्काळ’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. पाऊस पडला नाही, विहिरी आटल्या, उभे पीक करपले, की दुष्काळ पडला असे म्हणतो. माणसे अन्नावाचून मरू लागली, तरी त्यालाही दुष्काळच म्हणतो. पहिली घटना आकाशात आणि जमिनीत घडते, तर दुसरी माणसांच्या समाजात. पहिलीला ‘अवर्षण’ आणि दुसरीला ‘दुर्भिक्ष’ असे स्वतंत्र शब्द भाषेत आहेत, पण रोजच्या बोलण्यातून आणि शाळेच्या वहीतून ते जवळजवळ गेले आहेत. त्यामुळे पहिली गोष्ट घडली की दुसरी आपोआप घडते, अशी समजूत नकळत पक्की होते.

ही समजूत खोडून काढण्याचे काम ज्या पुस्तकाने सर्वात प्रभावीपणे केले, ते म्हणजे अमर्त्य सेन यांचे १९८१ साली प्रसिद्ध झालेले ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’. आज जगभर ‘अन्नाचा हक्क’ आणि ‘अन्नसुरक्षा’ या शब्दांनी जी चर्चा चालते, तिचा पाया बऱ्याच अंशी या पुस्तकात आहे. सेन यांना १९९८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर पुस्तकाचे नाव सर्वतोमुखी झाले. तरीही पुस्तक वाचलेले लोक थोडे, आणि ते तपासून वाचलेले त्याहून थोडे. पुस्तक नेमके काय सिद्ध करते, कोठे कमी पडते आणि शिक्षकांना त्याचा काय उपयोग आहे, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

पुस्तकाचा मूळ मुद्दा

सेन यांची मांडणी समजायला अवघड नाही. एखाद्या प्रदेशात धान्य किती आहे, हा एक प्रश्न. त्या प्रदेशातल्या एखाद्या माणसाच्या ताटात धान्य किती येते, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर काढता येत नाही, कारण धान्य कोठारातून ताटात स्वतःहून येत नाही. ते येण्यासाठी माणसाजवळ काहीतरी असावे लागते: स्वतःची जमीन, अंगमेहनत, एखादे कसब, विकायला जनावरे किंवा मासे, किंवा सरकारकडून मिळणारे साहाय्य. यांच्या बळावर, प्रचलित कायद्याच्या चौकटीत, जेवढे अन्न माणूस मिळवू शकतो, ती त्याची अन्नावरची ‘हक्कदारी’. ही हक्कदारी कोसळली की माणूस उपाशी राहतो, मग बाजार धान्याने भरलेला का असेना.

हक्कदारी दोन प्रकारांनी कोसळू शकते. शेतकऱ्याचे स्वतःचे पीक बुडाले, की त्याचे खायचे अन्न थेट नाहीसे होते. शेतमजुराचे, न्हाव्याचे किंवा कोळ्याचे तसे नसते. तो आपले श्रम, सेवा किंवा मासे देऊन धान्य घेतो. धान्याचा भाव वाढला आणि त्याची मजुरी तेवढी वाढली नाही, तर धान्य मुबलक असूनही तो उपाशी राहतो. म्हणून ‘देशात धान्य किती आहे’ असे विचारून थांबू नये. कोणत्या व्यवसायातले लोक मेले आणि कोणत्या व्यवसायातले वाचले, हे पाहावे, असा सेन यांचा आग्रह आहे. पुस्तकाचे खरे सामर्थ्य या आग्रहात आहे.

बंगाल, १९४३

पुस्तकातला सर्वात गाजलेला भाग १९४३ च्या बंगालच्या दुर्भिक्षावर आहे. सेन तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. चौकशीसाठी नेमलेल्या वुडहेड आयोगाने १९४५ च्या अहवालात सुमारे १५ लाख मृत्यूंचा अंदाज दिला होता. सेन यांनी नंतरच्या वर्षांतले जादा मृत्यूही धरून हा आकडा ३० लाखांच्या जवळ नेला. निम्म्याहून अधिक मृत्यू १९४३ संपल्यानंतरचे, मलेरिया, पटकी, देवी अशा साथींमधले आहेत, ही त्यांची नोंद फार महत्त्वाची आहे.

आता आकड्यांकडे पाहू. आयोगाच्या मते १९४३ साली बंगालमध्ये ४९ आठवडे पुरेल इतके धान्य होते; म्हणजे तूट ३ आठवड्यांची, सुमारे ६ टक्के. ही तूट सर्वांनी सारखी वाटून घेतली असती, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज काही घास कमी आले असते. घास कमी झाल्याने लोकसंख्येतली ५ टक्के माणसे मरत नाहीत. बंगालची लोकसंख्या तेव्हा सुमारे ६ कोटी होती, हे लक्षात घेतले म्हणजे ३० लाख या आकड्याचा अर्थ कळतो.

सेन यांचा हिशेब याहून पुढे जातो. त्यांच्या मते १९४३ चा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी होता, पण १९४१ पेक्षा मात्र १३ टक्क्यांनी जास्त होता. आणि १९४१ साली तर दुर्भिक्ष पडले नव्हते! मग १९४३ साली बिघडले काय? बिघडले ते भाव. कलकत्त्याच्या घाऊक बाजारात तांदळाचा भाव डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये होता. मार्च १९४३ मध्ये तो २१ रुपये झाला, मेमध्ये ३० च्या वर गेला आणि ऑगस्टमध्ये ३७ वर पोहोचला.

याचा अर्थ वर्गात गणित मांडून दाखवता येतो. समजा, एका मजुराला रोज आठ आणे मिळतात. मण १३.५० रुपये असताना आठ आण्यांत सुमारे दीड शेर तांदूळ येतो, म्हणजे जवळजवळ १४०० ग्रॅम. मण ३७ रुपये झाल्यावर त्याच आठ आण्यांत अर्ध्या शेराच्या थोडा वर, म्हणजे ५०० ग्रॅम तांदूळ येतो. पाच माणसांच्या कुटुंबात ही वाटणी माणशी १०० ग्रॅम, सुमारे ३५० किलोकॅलरी इतकी होते. ही आकडेमोड घाऊक भावाची आहे. खेड्यातला किरकोळ भाव याहून चढा होता आणि पुष्कळांची मजुरीच बंद पडली होती.

भाव का चढले, याची कारणे एकात एक गुंतलेली होती. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनारी जिल्ह्यांतला तांदूळ हलवला आणि नावा काढून घेतल्या. त्यामुळे कोळ्यांचा धंदा बुडाला आणि मालाची वाहतूकही थांबली. प्रांताप्रांतांनी आपले धान्य बाहेर जाऊ नये म्हणून बंदी घातली. युद्धासाठी सरकारने पैसा ओतला, त्याने शहरातल्या काही वर्गांची क्रयशक्ती वाढली. कलकत्त्यातल्या युद्धोपयोगी उद्योगांच्या कामगारांना स्वस्त धान्यही मिळू लागले. खेड्यातला भूमिहीन मजूर या चढाओढीत मागे पडला. बाजारात पैसा खेळत असताना आलेल्या या दुर्भिक्षाला सेन ‘तेजीतले दुर्भिक्ष’ म्हणतात.

याच्या उलट उदाहरण इथिओपियातल्या वोलो प्रांताचे आहे. तेथे १९७३ साली शेतकऱ्यांचे पीक बुडाले आणि पीकच बुडाल्याने विकत घ्यायला हातात काही उरले नाही. मागणीच नसल्याने वोलोच्या बाजारात भाव फारसे चढले नाहीत आणि उपाशी प्रांतातून थोडे धान्य बाहेरही गेले. बांगलादेशात १९७४ साली दुर्भिक्ष आले, तेव्हा माणशी उपलब्ध धान्य १९७१ ते १९७५ या पाच वर्षांत सर्वाधिक होते. ही तीन उदाहरणे एका ओळीत ठेवली की ‘धान्य कमी म्हणून भूक’ हे सूत्र टिकत नाही.

आकड्यांवर किती भिस्त ठेवावी?

येथपर्यंत पुस्तक पटत जाते. परंतु मोजमापाची सवय लागलेला वाचक एका ठिकाणी थबकतो. हे ५ टक्के आणि १३ टक्के आले कोठून?

मुंबई इलाख्यात रयतवारी होती, गावोगाव तलाठी-कुलकर्णी होते, पिकाची आणेवारी होत असे. बंगालमध्ये कायमधारा पद्धत होती. जमीनदाराने ठरलेला सारा भरला की सरकारला शेतात डोकावण्याचे कारण नव्हते. त्यामुळे तेथील पेऱ्याचे आणि उत्पादनाचे आकडे पुष्कळसे अंदाजाने ठरवलेले असत. याच कारणाने प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्या काळात बंगालमध्ये नमुना पाहणीच्या नव्या पद्धती विकसित करायला घेतल्या होत्या. मोजमापातली संभाव्य चूक जर १०-१५ टक्के असेल, तर ५ टक्क्यांच्या फरकावर कोणताच मोठा निष्कर्ष उभा करता येणार नाही. ना आयोगाचा, ना सेन यांचा.

सेन यांना याची जाणीव होती. म्हणूनच त्यांनी आकडे वेगवेगळ्या तऱ्हेने दुरुस्त करून निष्कर्ष टिकतो का, ते पाहिले. हे शास्त्राच्या रीतीला धरून आहे. तरीही आक्षेप आलेच. पीटर बाउब्रिक या अर्थतज्ज्ञाने १९८६ साली सेन यांच्या आकडेवारीवर कडक टीका केली आणि प्रत्यक्ष टंचाई मोठी होती, असे म्हटले. त्याआधीच, १९७३ साली, वनस्पतिरोगतज्ज्ञ एस. वाय. पद्मनाभन यांनी एक वेगळाच पुरावा पुढे ठेवला होता. १९४२ च्या अमन भातावर, म्हणजे हिवाळ्यात निघणाऱ्या मुख्य पिकावर, तपकिरी ठिपके पाडणारा बुरशीजन्य रोग मोठ्या प्रमाणावर पडला होता. संशोधन केंद्रांवरच्या नोंदींत कित्येक वाणांचे उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली गेलेले दिसते. या रोगाला सेन यांच्या पुस्तकात फारशी जागा नाही, ही त्यातली उणीव मानली पाहिजे. दोन केंद्रांवरच्या नोंदींवरून साऱ्या बंगालचे उत्पादन ठरवता येत नाही हे खरे, पण डोळ्यांआड करण्याजोगा हा पुरावा नाही.

याच संदर्भात २०१९ साली गांधीनगरच्या आयआयटीतील विमल मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. १८७० पासूनच्या जमिनीतील ओलाव्याची संगणकाने पुनर्रचना करून त्यांनी दाखवले, की १९४३ च्या दुर्भिक्षामागे ओलाव्याचे अवर्षण नव्हते. अनेक वृत्तपत्रांनी याचा अर्थ ‘सेन यांचे म्हणणे सिद्ध झाले’ असा लावला. येथे जपून बोलायला हवे. जमिनीत ओल होती, एवढेच या संशोधनातून सिद्ध होते. चक्रीवादळ आणि बुरशी या दोन्ही गोष्टी ओलाव्याच्या मापनात दिसत नाहीत. किंबहुना दमट हवा बुरशीला मानवते. तेव्हा अवर्षण नव्हते हे नक्की. पीक घटले नव्हते, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

मग सेन यांचा मुद्दा कोसळतो का? माझ्या मते नाही. टंचाई ५ टक्के होती की २० टक्के, हा वाद कसाही सुटला, तरी मेलेल्यांमध्ये शेतमजूर, कोळी, नावाडी आणि भात कांडणाऱ्या बायका अधिक का होत्या आणि कलकत्त्याचा पगारदार का वाचला, याचे उत्तर धान्याच्या एकूण साठ्यातून मिळत नाही. ते हक्कदारीतूनच मिळते. टंचाई खरीच मोठी होती असे धरले, तर सरकारवरचा ठपका हलका होण्याऐवजी जड होतो, कारण तूट मोठी असताना वाटपाची जबाबदारी अधिक असते.

अवर्षण होते, पण दुर्भिक्ष नव्हते

एखाद्या उपपत्तीची कसोटी तिच्या सोयीच्या उदाहरणावर होत नाही. धान्याची तूट खरोखरच मोठी असताना, केवळ हक्कदारी टिकवून माणसे वाचवता येतात का? हे उदाहरण सेन यांच्या पुस्तकात नाही. ते आपल्या घरचे आहे.

१९७०-७१ पासून सलग तीन वर्षे महाराष्ट्रात धान्योत्पादन घटत गेले आणि १९७२-७३ साली पीक जवळजवळ हातचे गेले. सेन यांचे सहकारी ज्याँ द्रेझ यांनी या काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांनी दाखवले, की माणशी धान्याची उपलब्धता महाराष्ट्रात त्याच सुमारास दुर्भिक्षाने गाजत असलेल्या आफ्रिकेतल्या साहेल प्रदेशापेक्षाही कमी झाली होती. तरी येथे प्रेतांचे ढीग पडले नाहीत. कारण खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते अशी कामे गावोगाव निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. हातात रोजचा पैसा आला, म्हणून बाहेरचे धान्य बाजारात येऊ लागले. रेशनवर अमेरिकेहून आलेली मिलो ज्वारी मिळाली, पोरांना सुकडी मिळाली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली रोजगार हमी योजना याच अनुभवातून पक्की झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. २००५ साली केंद्र सरकारने केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याला महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार होता.

१९७२ मध्ये हाल झाले नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. दावणीची जनावरे गेली, घरेदारे सोडून माणसे मुंबई-पुण्याकडे आली, कित्येक मुले कायमची खुरटली. पण बंगालमध्ये अवर्षणावाचून दुर्भिक्ष आले आणि महाराष्ट्रात भीषण अवर्षण असून दुर्भिक्ष टळले, ही दोन उदाहरणे शेजारी ठेवल्यावर ‘दुष्काळ’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करण्याची गरज पटते.

हा विचार महाराष्ट्राला तसा नवीनही नाही. १८७६-७८ च्या भयंकर दुष्काळानंतर इंग्रज सरकारने १८७८ साली आयोग नेमून पुढे दुष्काळ संहिता तयार केल्या. त्यांत कामे कधी काढायची, मजुरी किती द्यायची, काम न होणाऱ्यांना काय द्यायचे, हे लिहिले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत या संहितेतल्या तरतुदी शेतकऱ्यांना समजावून दिल्या, सरकारकडे दया मागू नका, नियमात आहे ते मागा, असा त्या प्रचाराचा रोख होता. आणि १९४३ साली बंगाल सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही, त्यामुळे संहिता लागू झाली नाही! कागदावरचा नियम आणि तो मागणारा माणूस, या दोहोंपैकी एक जरी नसला तरी काय होते, ते या दोन प्रसंगांवरून दिसते.

पुस्तक कोठे अपुरे पडते?

पहिली उणीव युद्धाची. सेन यांची हक्कदारी कायद्याच्या चौकटीत उभी आहे. पण धान्य लुटले, शेते जाळली, वेढा घालून रसद तोडली, तर तेथे बाजारही नसतो आणि कायदाही नसतो. ही मर्यादा सेन यांनी स्वतः मान्य केली आहे. मात्र आजची दुर्भिक्षे बहुतेक याच प्रकारची आहेत. दुर्भिक्ष ठरवण्याचे आंतरराष्ट्रीय निकष आता ठरलेले आहेत: किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची कमालीची टंचाई, ३० टक्के मुलांमध्ये तीव्र कुपोषण आणि दर १०,००० लोकांमागे रोज किमान दोन मृत्यू. या निकषांच्या आधारे ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानमधील दारफुरच्या झमझम छावणीत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गाझात दुर्भिक्ष असल्याचे जाहीर झाले. दोन्ही ठिकाणी भाव आणि मजुरी यांच्या गणिताने फार थोडे समजते. उपासमार हे युद्धाचे हत्यार म्हणून वापरण्याचा निषेध करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१८ मध्ये केला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

दुसरी उणीव शरीरशास्त्राची. पुस्तकात अन्न म्हणजे मुख्यतः धान्य. घरात धान्य आले की हक्कदारीचा हिशेब पुरा होतो. पण घरातल्या कोणाच्या पानात किती पडते, आणि पोटात गेलेल्यातले किती अंगी लागते? दूषित पाणी आणि वारंवार होणारे जुलाब असतील, तर खाल्लेले अंगी लागत नाही. नुसत्या तांदळा-गव्हात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. डाळ जोडीला नसेल, तर पोट भरूनही मूल खुरटते. ॲलेक्स द वाल यांनी दारफुरच्या १९८४-८५ च्या दुर्भिक्षाचा अभ्यास करून दाखवले, की तेथील मृत्यू मुख्यतः रोगांनी झाले. सेन यांनी बंगालच्या मृत्यूंत साथींचा वाटा स्वतः मोजला, पण तो उपपत्तीत आणला नाही.

तिसरी उणीव याच्याशीच जोडलेली आहे. पुस्तक दुर्भिक्षाबद्दल आहे, रोजच्या भुकेबद्दल नाही. दुर्भिक्ष वृत्तपत्रात येते, रोजची भूक येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये भारतातल्या पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. रोजगार हमीचा मान ज्याला मिळाला, त्या महाराष्ट्रातही हे प्रमाण ३५.२ टक्के होते. सेन यांनी नंतर द्रेझ यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकांत हा प्रश्न हाताळला आहे. या पुस्तकात तो नाही.

उपलब्धतेकडून हक्काकडे

या उणिवा असूनही पुस्तकाने जगाचा प्रश्न विचारण्याचा ढंग बदलला. १९७४ साली रोममध्ये जागतिक अन्न परिषद भरली, तेव्हा अन्नसुरक्षा म्हणजे जगात धान्याचा पुरेसा साठा आणि स्थिर भाव असा अर्थ होता. १९९६ साली त्याच शहरात भरलेल्या शिखर परिषदेने सर्व माणसांना, सर्व काळ, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवता येणे, अशी व्याख्या स्वीकारली. मधल्या काळात ‘किती आहे’ या जागी ‘कोणाला मिळते’ हा प्रश्न आला.

हा बदल योग्य होता, हे साध्या भागाकारानेही पटते. जगात वर्षाला सुमारे २८० कोटी टन तृणधान्य पिकते आणि लोकसंख्या सुमारे ८२० कोटी आहे. म्हणजे माणशी रोज सुमारे ९३० ग्रॅम धान्य, ३००० किलोकॅलरीहून अधिक ऊर्जा. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली सुमारे ६७ कोटी लोक अर्धपोटी होते. धान्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग जनावरांच्या खाद्याकडे जातो, काही इंधनाकडे वळतो. ज्याची क्रयशक्ती मोठी, त्याच्याकडे धान्य जाते. हे तत्त्व १९४३ च्या कलकत्त्याचेच आहे.

मग हक्क म्हणजे काय? १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या २५ व्या कलमात अन्नाचा उल्लेख आहे. १९६६ च्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या करारात ११ व्या कलमाने भुकेपासून मुक्त असण्याचा हक्क मान्य केला. भारताने १९७९ साली हा करार स्वीकारला. १९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या समितीने राज्यसंस्थेची कर्तव्ये तीन शब्दांत सांगितली: लोकांचे अन्न हिरावू नये, इतरांना हिरावू देऊ नये, आणि ज्याला मिळत नाही त्याला मिळवून द्यावे.

भारतात २००१ साली सरकारी गोदामांत ५ कोटी टनांहून अधिक धान्य पडून होते, राखीव साठ्याच्या गरजेच्या दुपटीहून जास्त, आणि राजस्थानात लोक उपाशी होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागात ७५ आणि शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत लोकांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. हे मोठे पाऊल आहे. पण ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम, आणि तेही मुख्यतः तृणधान्य. हक्क किलोत मोजला गेला, पोषणात नाही. सेन यांच्या पुस्तकातली दुसरी उणीव अशा रीतीने कायद्यातही उतरली आहे.

आणखी एक प्रश्न पुस्तकही सोडवत नाही आणि करारही सोडवत नाहीत. हक्क देशाच्या सीमेपर्यंत चालतो; धान्याचा बाजार सीमेपलीकडेही चालतो. १९४२ साली प्रांतांनी एकमेकांचे धान्य अडवले, तसेच २००८ साली अनेक देशांनी तांदळाची निर्यात रोखली, आणि भारतानेही मे २०२२ मध्ये गहू व जुलै २०२३ मध्ये साधा पांढरा तांदूळ बाहेर जाण्यावर बंदी घातली. आपल्या नागरिकांपुरता निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु आयात तांदळावर जगणाऱ्या आफ्रिकेतल्या मजुराच्या हक्काचे उत्तरदायित्व कोणाचे, याला आज तरी कोणी बांधील नाही. जागतिक अन्नसुरक्षेच्या चर्चेत हीच जागा सर्वात पोकळ आहे.

वर्गात काय करता येईल?

भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत ‘दुष्काळाची कारणे लिहा’ या प्रश्नाला ‘अपुरा पाऊस, जंगलतोड, लोकसंख्यावाढ’ असे लिहिले की पूर्ण गुण मिळतात. हे उत्तर अवर्षणाचेही धड नाही आणि दुर्भिक्षाचे तर नाहीच. शिक्षकांनी हा प्रश्न दोन भागांत विचारून पाहावा: पीक का बुडाले, आणि माणसे का उपाशी राहिली? वर दिलेले तांदळाच्या भावाचे गणित आठवी-नववीच्या मुलांना सहज करता येते. आपल्या गावात आज मजुरी किती, ज्वारी आणि तूरडाळ काय भावाने मिळते, एका दिवसाच्या मजुरीत पाच माणसांना किती प्रथिने मिळतील, हे त्यांनी स्वतः काढावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना १९७२ बद्दल विचारावे. मिलो आणि सुकडी आठवणारी माणसे अजून गावोगाव आहेत.

शाळेतल्या दुपारच्या जेवणाबद्दलही दोन शब्द. प्राथमिक वर्गातल्या मुलाला त्यात ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकला ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. पुष्कळ शाळांत खिचडीचे हिशेब ठेवणे हे शिक्षकांच्या डोक्यावरचे जादा ओझे झाले आहे, आणि ती तक्रार रास्त आहे. पण ताट घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलाला ते जेवण कोणाच्या मेहेरबानीने मिळत नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे तो त्याचा हक्क आहे. डाळ पातळ झाली तर त्याने ते विचारावे, आणि विचारल्याबद्दल त्याला कोणी रागावू नये. एवढे एखाद्या शाळेत घडले, तर सेन यांच्या पुस्तकातला मुख्य मुद्दा त्या शाळेतल्या मुलांना पुस्तक न वाचताही कळलेला असेल.